पाच वॉट, एक गाडी आणि अँटेनाची निवड

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आला, पाच वॉटची हँडी (हातात मावणारा सेट) हातात आली आणि पहिल्याच रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडीत बसूनच मी हाक दिली. उत्तर येईना. दोनदा, तीनदा, काही नाही. शेवटी गाडीतून उतरलो, चार पावलं पाण्याच्या कडेला गेलो, आणि तीच हँडी, तोच रबरी अँटेना, तीच फ्रिक्वेन्सी असताना कोथरूडहून एका ज्येष्ठ हॅमचा आवाज खणखणीत आला.

गाडीचा पत्रा म्हणजे पिंजरा. आत बसून बोललेलं काचांमधून जेवढं झिरपेल तेवढंच बाहेर जातं. तोच पत्रा अँटेनाच्या खाली आला की मात्र तो तुमच्या बाजूनं काम करायला लागतो. म्हणून गाडीचा अँटेना निवडणं म्हणजे नुसती काडी निवडणं नव्हे. काडी, तिच्याखालचा पत्रा आणि मधली केबल, या तिघांचं जुळवून आणावं लागतं. पन्नास-शंभर वॉटवाल्याला यातली एखादी चूक पचते. पाच वॉटवाल्याला पचत नाही. पुण्यातल्या नव्या मंडळींना मी जे तोंडी सांगत आलोय, तेच इथे क्रमानं लिहितो.

पहिली पायरी: कुठून, कुणाशी, कुठल्या बँडवर

दुकानात जाण्याआधी हे ठरवा. शहरात फिरताना रिपीटरवर (आपला सिग्नल ऐकून उंचावरून पुन्हा फेकणारं स्टेशन) आणि ओळखीच्या हॅमशी बोलायचंय, तर दोन मीटरचा बँड. म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. सत्तर सेंटिमीटरचा बँड आपल्याकडे ४३४ ते ४३८. परदेशी व्हिडिओंमध्ये १४६ च्या वरच्या फ्रिक्वेन्सी सर्रास दिसतात. त्या आपल्या परवान्यात नाहीत, आणि त्यांच्यासाठी कापलेला अँटेना आपल्या बँडला थोडा आखूड पडतो. दूरवर, म्हणजे दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात बोलायचं असेल तर एचएफ, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या लांब लहरी, आणि त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

परवान्याचा कागदही याच वेळी नीट वाचा. कॉल साइन (हवेतलं तुमचं नाव) व्हीयू३ नं सुरू होवो की व्हीयू२ नं, स्थानक कुठे चालवायची मुभा दिलीय, फिरत्या गाडीतून चालवायची आहे का, किती वॉटपर्यंत, हे त्यात लिहिलेलं असतं. अँटेना छतावर चढवण्याआधी ते ठाऊक असलेलं बरं.

दुसरी पायरी: आपली गाडी नीट बघा

फ्रिजवर चिकटवायचा एखादा छोटा चुंबक घ्या आणि गाडीच्या छतावर, बॉनेटवर, डिकीवर फिरवून बघा. जिथे चिकटतो तिथे पोलादी पत्रा आहे. हल्ली काही गाड्यांचं निम्मं-अधिक छत काचेचं असतं, डिकीचं दार प्लास्टिकचं असतं. तिथे चुंबकी बेस (अँटेनाचा चुंबकानं चिकटणारा पाया) बसणारही नाही आणि अँटेनाला खालून आधारही मिळणार नाही.

हा खालचा आधार काय, ते एकदा समजून घ्या, मग बाकीचं आपोआप उलगडतं. छतावर उभी राहते ती पाव तरंगलांबीची काडी, म्हणजे क्वार्टर वेव्ह, हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा भाग पत्र्याचा. काडीत जेवढा विद्युतप्रवाह वर जातो, तेवढाच पत्र्यावर पसरावा लागतो. दोन मीटरवर काडी साधारण ४९ सेंमीची. तिच्या चहूबाजूंना निदान तेवढाच पत्रा हवा. बहुतेक गाड्यांचं छत मीटरभर रुंद असतं, म्हणजे बरोबर मधोमध बेस ठेवला की हिशेब जमतो. कडेला ठेवला तर अँटेना चालतो, पण सगळ्या दिशांना सारखा चालत नाही: ज्या बाजूला गाडीचा पत्रा जास्त, त्या बाजूला जोर जास्त. डिकीच्या मागच्या कडेला लावलेला अँटेना गाडीच्या तोंडाकडे जास्त बोलतो. हे वाईटच असतं असं नाही, फक्त माहीत असावं.

छतावरच्या रुळांना क्लॅम्प लावायचा विचार असेल तर आधी मल्टीमीटरनं रूळ आणि गाडीची बॉडी यांत जोड आहे का बघा. पुष्कळदा रूळ प्लास्टिकच्या पायांवर उभे असतात. दिसायला धातू, पण बॉडीशी संबंध नाही. आणि कंपनीनं दिलेला शार्क-फिनचा एफएम अँटेना ट्रान्समिटसाठी नसतो. त्याला सेट जोडू नका.

तिसरी पायरी: काडीची लांबी

दुकानात तीन नावं ऐकू येतील. क्वार्टर वेव्ह, ४९-५० सेंमी. फाइव्ह-एट्थ, म्हणजे ५/८ तरंगलांबीचा, तळाशी छोटी कॉइल असलेला, सव्वा मीटरच्या आसपास. आणि हाफ वेव्ह, मीटरभर. फाइव्ह-एट्थ क्षितिजाकडे जास्त जोर देतो, म्हणून सोलापूर रस्त्याला लागलात, सपाट मुलुख आहे, तर तो सरस. पण तेवढा जोर तो कुठून आणतो? वरच्या दिशेचा काढून. आपलं पुणं बशीसारखं. पश्चिमेला आणि दक्षिणेला डोंगर, मध्ये टेकड्या. तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आणि समोरचं स्टेशन माथ्यावर असेल तर थोडं वर बघणारी साधी क्वार्टर वेव्ह पुष्कळदा जास्त स्वच्छ ऐकू येते.

म्हणून नव्या माणसाला माझं सांगणं एकच असतं: पहिला अँटेना क्वार्टर वेव्ह घ्या. स्वस्त आहे, वाऱ्यात फार वाकत नाही, तळघरातल्या पार्किंगच्या तुळईला सहसा अडत नाही. आणि तिच्यात एक गंमत दडलेली आहे. १४५ ची तिप्पट ४३५. म्हणजे दोन मीटरची पाव तरंगलांबीची काडी सत्तर सेंटिमीटरवर पाऊण तरंगलांबीची होते आणि तिथेही बऱ्यापैकी जुळते. जोर जरा वर जातो, पण एका काडीत दोन्ही बँड मिळतात. फक्त ४३५ साठीच हवी असेल तर साडेसोळा सेंमी पुरे. सायकलच्या चाकातल्या तारेचा तुकडाही चालतो.

चौथी पायरी: केबल आणि बेस

पैसे इथे घाला. काडीवर नाही.

चुंबकी बेसबरोबर बहुधा तीन-चार मीटरची बारीक केबल येते, आरजी-१७४ जातीची, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. दाराच्या रबरातून अलगद आत येते म्हणून ती देतात. पण १४५ मेगाहर्ट्झवर अशा चार मीटर केबलमध्ये पाच वॉटपैकी सव्वा वॉटच्या आसपास जिरून जातो, आणि ४३५ वर तर दोन वॉट. ऐकण्यातही तेवढंच नुकसान. त्या मानानं आरजी-५८ चार मीटरला दोन मीटर बँडवर एका वॉटच्या आत सोडते. शिवाय केबल हवी तेवढीच ठेवा. छताच्या मधून सीटपर्यंत अडीच मीटर पुरत असेल तर उरलेली गुंडाळून सीटखाली सारण्यात अर्थ नाही. कापा आणि नवा कनेक्टर लावा. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत कनेक्टर, केबल, ॲडॉप्टर सगळं मिळतं. फक्त हँडीवर एसएमएची (अँटेना जोडायच्या छोट्या कनेक्टरची) पिन बाहेर आहे की आत, ते बघून जा, किंवा हँडी खिशात घालूनच जा. जाड केबल थेट हँडीच्या एसएमएला लटकवू नका. तो नाजूक सांधा काही महिन्यांत सैल होतो. मध्ये वीतभर मऊ केबलचा तुकडा आणि बीएनसी (फिरवून अडकवायचा मजबूत कनेक्टर) असू द्या.

बेसबद्दल एक अनुभव सांगतो. मी घेतलेला एक चुंबकी बेस महिनाभर नीट चालला आणि मग मधूनच मुका व्हायला लागला. खड्ड्यातून गाडी गेली की सेट बहिरा, पुढच्या खड्ड्याला परत ठीक. बेसच्या तळाचं रबर सोडवून बघितलं तर केबलची मधली तार झाळलेली, पण वरची जाळी नुसतीच पिळून पत्र्याच्या चकतीखाली दाबलेली. झाळकाम शून्य. जाळीचे केस काळे पडले होते. मी जाळी कापून, घासून चकतीला व्यवस्थित झाळली. तो बेस आजही चालतो. तेव्हापासून नवा बेस आणला की पहिल्या दिवशीच त्याचं रबर काढून आत बघतो. मल्टीमीटर लावा: कनेक्टरचा बाहेरचा भाग आणि चकती यांत जोड हवा, मधल्या पिनीचा आणि काडीचा जोड हवा (तळाशी कॉइलवाला अँटेना असेल तर मधली पिन आणि बाहेरचा भाग यांतही जोड दिसू शकतो, त्याला घाबरू नका).

क्लॅम्प किंवा ब्रॅकेट लावत असाल तर स्क्रू पत्र्यात रुततो तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज.

पाचवी पायरी: कापणं आणि जुळवणं

काडी नेहमी लांबच घ्या. ५२ सेंमीपासून सुरुवात केली तर ती १३७ मेगाहर्ट्झच्या सुमाराला जुळलेली असते. एक सेंटिमीटर कापलं की जवळजवळ तीन मेगाहर्ट्झनं वर सरकते. म्हणून शेवटी शेवटी दोन-तीन मिलिमीटरच्या वर कापायचं नाही. दर वेळी काडी परत बसवायची, दारं बंद करायची, गाडीपासून दोन हात लांब उभं राहायचं आणि मग एसडब्ल्यूआर मीटर वाचायचा (पाठवलेल्यातलं अँटेनाकडून किती परत येतं ते तो सांगतो; एक म्हणजे काहीच परत येत नाही). छतावर वाकून वाचलेला आकडा खोटा असतो, कारण तुमचं शरीरही त्यात मोजलं जातं. हे काम उघड्यावर करा, पत्र्याच्या शेडखाली नको. १४५ वर एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की थांबा. दीडचा एक करण्यासाठी काडी कुरतडत बसण्यात काही मिळत नाही.

आणि एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला, ही समजूत आताच काढून टाका. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, शक्ती नुसती जिरवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर उत्तम असतो आणि त्यातून हाक शेजारच्या खोलीपलीकडे जात नाही. जिथे शक्ती उष्णता होऊन जिरते, तिथे मीटर खूश असतो. ही गोष्ट एचएफवर सगळ्यात जास्त फसवते.

एचएफ: इथे थांबून विचार करा

हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्स सेटमुळे आपल्याकडे कितीतरी जणांना कमी वॉटचं एचएफ परवडायला लागलं. सेट आला की पुढचा प्रश्न ठरलेला: गाडीला ४० मीटरचा कुठला अँटेना लावू?

४० मीटरचा बँड म्हणजे सात मेगाहर्ट्झ, आणि तिथे पाव तरंगलांबी म्हणजे दहा मीटर. गाडीवर तुम्ही फार तर दोन मीटरची काडी उभी करणार, उरलेली लांबी कॉइलनं भरून काढणार. दोन मीटरच्या काडीचा रेडिएशन रेझिस्टन्स (शक्ती हवेत जाते तो वाटा ओहममध्ये) तिथे जेमतेम एक ओहम. कॉइलमध्ये पाच-सहा ओहम जिरतात, गाडीखालच्या जमिनीत दहाएक. म्हणजे सतरा भागांपैकी एक भाग हवेत. पाच वॉटमधला पाव-सव्वापाव वॉट. बाकीचा कॉइल आणि रस्ता तापवतो. मीटरवर सगळं चांगलं दिसतं ते या तोट्यामुळेच.

तीच दोन मीटरची काडी १४ मेगाहर्ट्झवर नेली की रेडिएशन रेझिस्टन्स साडेतीन ओहमच्या आसपास जातो, लहान कॉइलमुळे तोटाही घटतो, आणि पाचातला एक-सव्वा वॉट बाहेर पडतो. २८ मेगाहर्ट्झवर तर अडीच मीटरची काडी हीच पूर्ण पाव तरंगलांबी. कॉइलच नको, चार वॉटच्या वर हवेत जातात. म्हणून चालत्या गाडीतून कमी वॉटचं एचएफ करायचंच असेल तर दहा मीटरच्या, म्हणजे या २८ मेगाहर्ट्झच्या, बँडपासून सुरुवात करा. तो दिवसा उघडतो, म्हणजे दूरची स्टेशनं ऐकू येतात, आणि सूर्यावरच्या हालचालीवर अवलंबून असतो. सध्याच्या सौरचक्राचा शिखरकाळ ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला. चक्र उताराला लागलं की हा बँड कमी दिवस उघडतो, म्हणून लांबणीवर टाकू नका.

आणि ४० मीटर? गाडी थांबवा आणि तार टांगा. हे माझं ठाम मत आहे. बोपदेव घाटाच्या माथ्यावर रस्त्यापासून नीट आत, वर विजेच्या तारा नाहीत अशा जागी, सहा-सात मीटरची फायबरची गळकाठी टायरखाली दाबायच्या पट्टीत उभी करायची. तिच्या टोकापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरची तार उतरती सोडायची, मधोमध केबल. पंधरा मिनिटांचं काम. यातून पाचपैकी बराचसा वॉट हवेत जातो, आणि तार जमिनीपासून फार उंच नसल्यानं तो सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतो. दिवसा मुंबई, नाशिक, कोल्हापूर, अशी दोन-तीनशे किलोमीटरच्या आतली स्टेशनं ४० मीटरवर मिळतात ती याच वाटेनं. गाडीवरची उभी काडी वरच्या दिशेला जवळजवळ काहीच पाठवत नाही, म्हणून जवळची स्टेशनं तिला चुकतात. काडीतून निघणारा पाव वॉट आणि तारेतून निघणारे तीन वॉट, यातला दहापटीचा फरक सेटच्या जोरावर भरून काढायचा तर पन्नास वॉटचा सेट लागेल. तारेला किती पैसे लागतात, बघा.

एचएफवर गाडीचा गोंगाटही जाणवतो. इंजिन बंद करून ऐका, मग चालू करून ऐका. मग फोनचा चार्जर काढून ऐका. पुष्कळदा खरा चोर तो चार्जरच असतो. सायलेन्सरचा पाइप रबरावर लटकलेला असतो, बॉनेट फक्त बिजागरीवर टेकलेलं असतं. दोन्ही तांब्याच्या जाळीच्या पट्टीनं बॉडीला जोडले की आवाज कमी होतो आणि अँटेनालाही थोडा जास्त पत्रा मिळतो.

दुचाकीवाल्यांसाठी

पुण्यात हे लिहिल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. स्कूटरला छत नाही, अंगावर बहुतेक प्लास्टिक. क्वार्टर वेव्हला उरलेला अर्धा भागच मिळत नाही. इथे दोन मीटरसाठी हाफ वेव्ह घ्या: मीटरभर उंच, तळाशी जुळणीची कॉइल असलेली, खाली पत्रा नसला तरी चालणारी. मागच्या कॅरिअरला भक्कम क्लॅम्प, टोकाला रबरी गोळी, कारण ते टोक नेमकं मागच्याच्या डोळ्यासमोर डोलत असतं. चालवताना हँडी हातात घेऊन बोलू नका. हातात धरायचं संपर्काचं साधन चालवताना वापरणं मोटार वाहन कायद्यात धोकादायक चालवण्यात मोडतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या रस्त्यांवर दोन्ही हात लागतातच. बाजूला थांबा, मग बोला.

तुलना कशी करायची

अँटेना बदलला की "आता छान येतंय" हे पुरेसं नाही. एक जागा ठरवा जिथून जेमतेम संपर्क होतो. मी जुन्या कात्रज बोगद्याच्या पलीकडे, शिंदेवाडीच्या उतारावर थांबतो. मधल्या डोंगरामुळे शहरातला सिग्नल तिथे खरखरीच्या काठावर येतो. जोरदार सिग्नलवर दोन अँटेनांतला फरक एफएममध्ये कळतच नाही, काठावर लगेच कळतो. मित्राला घरी एका जागी बसवा, एक अँटेना, मग दुसरा, मग परत पहिला. आवाज मधेच गेला तर गाडी हातभर पुढे घ्या. डोंगरावरून, इमारतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि दोन मीटरवर असे मेलेले ठिपके मीटरभराच्या अंतरानं येतात. म्हणून प्रत्येक अँटेना दोन-तीन हातभर अंतरांवर ऐकूनच वहीत लिहा.

नारायणगावच्या बाजूला गेलात तर सेट बंद ठेवा. खोडद आणि आसपास पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारी अतिशय क्षीण कुजबुज ऐकत असतात, आणि तिथले काही बँड आपल्या बँडांच्या आसपासच आहेत. आपले पाच वॉट त्यांच्यासाठी आरडाओरडा असतो.

पावसाळ्याआधी

केबल दारातून किंवा डिकीतून आत येते तिथे बाहेरच्या बाजूला खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकेल, आत चढणार नाही. उघड्यावरच्या कनेक्टरला सेल्फ-ॲमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा. एकदा पाणी जाळीत शिरलं की ती केबल फेकावीच लागते. वीज कडाडत असेल तर माथ्यावरून खाली या आणि तार, काठी दोन्ही उतरवा. पेठांतून जाताना केबलवाल्यांच्या लोंबत्या वायरींकडे लक्ष ठेवा, आणि उंच काडी असेल तर रेल्वे फाटकाआधी ती काढून आत ठेवा. फाटकावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात.

बेसला नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक दारात अडकवा. महामार्गावर काडीला फांदी लागली तर बेस मागच्या गाडीच्या काचेवर जाणार नाही. आणि आठवड्यातून एकदा चुंबक उचला. ओढायचा नाही, कड वर करून सरळ उचलायचा. खाली धूळ आणि लोखंडाचा कीस जमलेला असतो. ओल्या फडक्यानं छत आणि चुंबक दोन्ही पुसा, कोरडं होऊ द्या, मग परत ठेवा.